आयती घ्यावी की स्वतः बांधावी? जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतीचा हिशेब

लेस्टरमध्ये राहणारे माझे एक स्नेही यंदा ५२ वर्षांचे झाले. धाकटी मुलगी शिकायला बाहेर पडली, घराचं कर्ज आटोक्यात आलं, आणि नाशिकला होस्टेलच्या भिंतीवर चिकटवलेलं एक चित्र त्यांना पुन्हा खुणावू लागलं: निळ्या रंगाची, अंगावर दोन पांढरे पट्टे असलेली एसी कोब्रा. त्यांनी फोन करून विचारलं, "खरी कोब्रा या जन्मात परवडणार नाही, हे मला कळतं. प्रतिकृती घ्यायचं ठरवलंय. पण बांधू की आयती घेऊ?"

मी कोव्हेंट्रीत राहतो. घरामागच्या गॅरेजात अशी एक गाडी मी स्वतः जोडली आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतो. फोनवर पाच मिनिटांत त्याचं उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेकांना हा प्रश्न पैशांचा वाटतो. मला तो हातांचा वाटतो. कारखान्यातून आलेली टोयोटा घेताना आपण एका व्यवस्थेवर विश्वास टाकतो. तिथे प्रत्येक बोल्ट किती ताकदीने आवळायचा हे ठरलेलं असतं आणि तो तसा आवळलाय का हे कुणीतरी तपासतं. प्रतिकृती बहुधा एका माणसाने, एका गॅरेजात, शनिवार-रविवार मिळेल तसा वेळ काढून जोडलेली असते. मोटरवेवर जोरात ब्रेक दाबता, तेव्हा तुमचा जीव त्या माणसाच्या हातात असतो. तो माणूस तुम्ही स्वतः असावा की एखादा अनोळखी, हे आधी ठरवा. बाकीचे हिशेब त्यानंतरचे.

नक्कल कशाची करतो आहोत?

कोब्राची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातच प्रतिकृतीचं मर्म आहे. एसी ही लंडनजवळच्या थेम्स डिटन इथली लहानशी कंपनी. तिची 'एस' (Ace) नावाची सुबक दोन आसनी गाडी १९५३ पासून होती. तिचा सांगाडा जॉन टोजेरो या रेसिंग गाड्या बनवणाऱ्या माणसाच्या आराखड्यावरून आलेला, आणि पुढच्या काळात तिच्यात ब्रिस्टल कंपनीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसत असे. १९६१ मध्ये ब्रिस्टलने ते इंजिन बंद करायचं ठरवलं. त्याच सुमारास कॅरोल शेल्बी नव्या कामाच्या शोधात होता. टेक्सासच्या या रेसरने १९५९ मध्ये ॲस्टन मार्टिन चालवून ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती, पण हृदयविकारामुळे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. त्याने एसीला पत्र लिहिलं: तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवू या. फोर्डकडे नुकतंच एक हलकं व्ही-८ तयार झालं होतं. १९६२ च्या सुरुवातीला इंग्लंडहून इंजिनाविना आलेल्या सांगाड्यात, कॅलिफोर्नियातल्या एका वर्कशॉपमध्ये ते बसवलं गेलं. ती पहिली कोब्रा, क्रमांक सीएसएक्स २०००. २०१६ मध्ये मॉन्टेरेच्या लिलावात तिला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

म्हणजे अस्सल कोब्रासुद्धा इकडचा सांगाडा, तिकडचं इंजिन अशी जुळवलेली गाडी आहे. एकूण हजारएक बनल्या असतील. त्यामुळे इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात पबच्या अंगणात तुम्हाला कोब्रा दिसली, तर ती प्रतिकृतीच आहे असं धरून चाला. त्यात कमीपणा मानायचं मला तरी कारण दिसत नाही.

नक्कल करायला ही गाडी सोयीचीही आहे. खाली दोन जाड नळ्यांचा शिडीसारखा सांगाडा, डोक्यावर छप्पर नाही, काचा वर-खाली करायची भानगड नाही, इंजिन कुठेही मिळणारं. मूळ बॉडी ॲल्युमिनियमची होती, प्रतिकृतीत ती बहुधा फायबरची असते. बहुतेक प्रतिकृती १९६५ नंतरच्या ४२७ या रुंद, सात लिटर इंजिनाच्या कोब्राच्या वळणावर जातात. ब्रिटनमध्ये अशी किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचे संच, देणाऱ्या कंपन्या अनेक झाल्या. डॅक्स, पिल्ग्रिम, गार्डनर डग्लस ही नावं जाणकारांच्या बोलण्यात हमखास येतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधली फॅक्टरी फाइव्ह आहे, तर सुपरफॉर्मन्सच्या गाड्या दक्षिण आफ्रिकेत बनून येतात.

दुसरी लाडकी नक्कल पोर्शे ३५६ स्पीडस्टरची. हिच्याखाली सहसा फोक्सवॅगन बीटलचा तळ असतो. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर, ३५६ चं २१००. म्हणून तळ मधून कापून, जवळजवळ एक फूट आखूड करून पुन्हा जोडतात. हे ऐकून लोक नाक मुरडतात. पण १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंडला पहिली ३५६ घडली, तेव्हा तिच्यातही फोक्सवॅगनचेच भाग होते. या नकलेत मला तरी एक नातं दिसतं.

तिसरी लोटस सेव्हन, माझी आवडती. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने ती १९५७ मध्ये आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ती किट म्हणून विकली जाई. किटसोबत जोडणीची माहिती द्यायची नाही असा नियम होता, तेव्हा लोटस गाडी 'सुटी कशी करावी' याची पत्रकं देई आणि ग्राहक ती उलट्या क्रमाने वाचत, असं जुने लोक सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि करातली ती पळवाट बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे दिले, आणि केटरहॅम आजही ती गाडी किट म्हणून देते. हिला प्रतिकृती म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तो मूळ वंशच पुढे चालू आहे. सेव्हनच्या घाटणीच्या बाकीच्या गाड्या मात्र प्रतिकृती, आणि माझी त्यांतलीच एक.

बांधायची म्हणजे नेमकं काय करायचं?

किट या शब्दात फार मोठा पल्ला सामावलेला आहे, आणि गफलत इथेच होते. केटरहॅमचं किट आलं की जवळजवळ सगळे भाग नवे, खोक्यांवर क्रमांक, बॉडी रंगवलेली, वायरिंग तयार. पाना नीट धरता येणारा माणूस शंभरेक तासांत ती गाडी उभी करतो. दुसऱ्या टोकाला दाता गाडी फोडून करायचं काम. म्हणजे जुनी गाडी विकत आणायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, स्टिअरिंग उतरवायचं, गंज खरवडायचा, बेअरिंग-सील बदलायचे आणि ते सगळं नव्या सांगाड्यात बसवायचं. मी माझदा एमएक्स-५ फोडली. वहीत तास लिहून ठेवले होते. एकूण ७१० भरले, आणि त्यांतले ९० नुसते फोडण्यात आणि धुण्यापुसण्यात गेले.

आता हे तास आठवड्यांत मांडून बघा. नोकरी, घर, पाहुणे, भारतवारी हे सगळं सांभाळून वर्षाकाठी चाळीस शनिवार हाती लागतात. दर शनिवारी सहा तास धरले तर वर्षाचे २४०. माझे ७१० तास म्हणजे तीन वर्षं, आणि तेवढीच लागली. कोब्राचं किट, जिथे बॉडी रंगवायचीही आहे, याहून जास्त वेळ खातं.

वेळ कुठे जातो, तेही ओळखीचं झालंय. पहिले दोन-तीन महिने मजेत जातात. सस्पेन्शन चढतं, चाकं लागतात, गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहते, आपण फोटो काढून पुण्याला पाठवतो. पुढचं काम फोटोत दिसत नाही. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून पुरेशी लांब नेणं, हॅन्डब्रेकची केबल कुठे घासत नाही ना हे बघणं, एक वायर कमी पडली म्हणून सगळी जुडी पुन्हा सोडवणं. फायबरच्या कोब्रात तर दरवाजे हीच परीक्षा. साच्यातून निघालेलं दार चौकटीत जसंच्या तसं कधीच बसत नाही. बिजागरीखाली चकत्या घाला, कड घासा, पुट्टी भरा, पुन्हा घासा. फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसेपर्यंत दोन दारांत दोन महिने सहज जातात. त्यातून इंग्लंडचा हिवाळा: थंड गॅरेजात रेझिन नीट धरत नाही, पुट्टी सुकत नाही, रंग बसत नाही.

ब्रेकच्या नळ्यांबद्दल मात्र मला थांबून सांगायचं आहे, कारण हात म्हणजे काय ते तिथे कळतं. नळी तांबं-निकेलच्या मिश्रधातूची, पावणेपाच मिलिमीटर जाडीची. ती मापाने कापायची, वाकवायची, आणि टोकाला हत्याराने फुलवून तोंड करायचं. जिथे ती बसणार तिथल्या खोबणीप्रमाणे तोंडाचा प्रकार बदलतो. चुकीचं तोंड आवळून बसवलं तरी बसल्यासारखं वाटतं आणि दाबाखाली पाझरतं. माझ्या गाडीत ब्रेक ऑइल भरलं तेव्हा प्रत्येक सांध्याखाली पांढरा कागद ठेवला होता. सकाळी मागच्या उजव्या चाकाजवळच्या कागदावर रुपयाएवढा डाग होता. डोळ्यांना तो सांधा निर्दोष दिसत होता. ती नळी काढून फेकली, नवी केली, पुन्हा कागद ठेवला. हा कागद ठेवायचा कंटाळा करणारा माणूस चांगला असू शकतो, हुशार असू शकतो, पण त्याने गाडी बांधू नये असं मी स्पष्ट सांगतो.

पैशांचं म्हणाल तर किटच्या जाहिरातीतला आकडा हा प्रवेशशुल्कासारखा समजा. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं-टायर, सीट, रंगकाम, हत्यारं, इंजिन उचलायची घोडी, चाचणीची फी हे सगळं पुढे. माझ्या बाबतीत किटची रक्कम शेवटच्या बेरजेच्या निम्म्याहूनही कमी भरली. बचत होईल म्हणून बांधायला घेतलेली गाडी कुणाला स्वस्तात पडलेली मी पाहिली नाही.

आणि घरच्यांशी आधी बोला. विकायला येणाऱ्या अर्धवट गाड्यांच्या मागे क्वचितच तांत्रिक अडचण असते. घरात बाळ आलं, नोकरी दुसऱ्या गावी गेली, आईवडील आजारी पडले, अशी कारणं असतात. तीन वर्षं शनिवारी तुम्ही गॅरेजात असणार, याचा अर्थ कुणीतरी दुसरं घर सांभाळणार. माझ्या बायकोने ते सांभाळलं म्हणून माझी गाडी रस्त्यावर आली.

परीक्षा आणि नंबरप्लेट

ब्रिटनमध्ये स्वतः बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए नावाची एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी चाचणी असते. १९९८ मध्ये एसव्हीए नावाने अशी चाचणी सुरू झाली, २००९ मध्ये आयव्हीएने तिची जागा घेतली. तपासनीस बराच वेळ गाडी न्याहाळतो: ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, आरसे, सीटबेल्टचे आधार, धूर, आवाज, स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत नाही ना. माणसाला लागू शकेल अशी कुठलीही बाहेरची कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी. कोब्राच्या चाकांवरचे ते तीन कानांचे नट इथे चालत नाहीत. डॅशबोर्डवरच्या उभ्या दांडीच्या जुन्या बटणांवरही तपासनीस बोट ठेवतो, कारण अपघातात गुडघा किंवा डोकं तिथे आपटतं.

म्हणून बांधणाऱ्यांची एक पद्धत पडली आहे: चाचणीपुरते रबरी काठ आणि साधे नट लावायचे, पास झालं की काढून टाकायचे. मला ती पटत नाही. ती कड गोल का असावी याचं कारण चाचणी झाल्यावर संपत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या पोराला ते कारण लागूच असतं.

चाचणीनंतर नोंदणी, ती डीव्हीएलए या गाड्या नोंदवणाऱ्या सरकारी संस्थेकडे. सगळे भाग नवे असतील, फार तर एखादा नव्यासारखा दुरुस्त केलेला, तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. नवा सांगाडा आणि एकाच दात्याचे दोन मुख्य भाग असतील तर त्या दात्याच्या वयाप्रमाणे नंबर. वय किंवा ओळख सिद्धच झाली नाही, तर 'क्यू'ने सुरू होणारी प्लेट. क्यू म्हणजे बेकायदा नव्हे, पण पुढे विकताना गिऱ्हाईक तिच्याकडे संशयाने पाहतं आणि विम्याच्या कंपन्याही जास्त प्रश्न विचारतात. दात्याचे कागद, इंजिनाची पावती, किटचं बिल पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. इंजिन कोणत्या सालचं यावरच धुराची परीक्षा किती कडक ते ठरतं, त्यामुळे त्या एका कागदाची किंमत फार मोठी आहे. नियम अधूनमधून बदलतात. किट मागवण्याआधी त्या दिवशीचा सरकारी मजकूर वाचून घ्या.

आयती घेताना काय बघायचं?

आयत्या गाडीची पहिली चांगली बाजू अशी, की तिच्यावर खपलेले तास विकणाऱ्याला परत मिळत नाहीत. बाजार पावत्यांचे पैसे कसेबसे मोजतो, शनिवारांचे मोजत नाही. त्यामुळे चांगली जोडलेली प्रतिकृती तिच्या सुट्या भागांच्या बेरजेपेक्षाही कमी किमतीत मिळते. केटरहॅमसारख्या काही गाड्या किंमत धरून ठेवतात. नाव बुडालेल्या कंपन्यांच्या किटचे भाव उतरतात, आणि किटच्या धंद्यात कंपन्या येतात-जातात, त्यामुळे पुढची काच किंवा दाराचा साचा पुन्हा मिळेल का हे आधी विचारा.

नुसतं 'कोब्राची प्रतिकृती कशी असते?' असं विचारण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीच्या एकाच किटच्या दोन गाड्या, एक विमानदुरुस्ती करणाऱ्याने जोडलेली, दुसरी घाईत उरकलेली, या दोन वेगळ्या गाड्या आहेत. तुम्ही त्या माणसाला विकत घेत आहात असं समजून चौकशी करा.

सुरुवात कागदांपासून करा. नोंदणीपुस्तकावर काय लिहिलंय ते सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून बघा. १९९८ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांच्या वाट्याला ही चाचणी आलीच नव्हती, आणि काही गाड्या कागदावर अजून दात्याच्याच नावाने आहेत: समोर स्पीडस्टर उभी, पुस्तकात बीटल. कधी ते रीतसर असतं, कधी नसतं. खुलासा कागदावर मिळत नसेल तर परत फिरा, गाडी कितीही मनात भरली असली तरी. गेल्या हिवाळ्यात एका मित्रासोबत मी एक लाल कोब्रा बघायला गेलो होतो. रंग असा, की त्यात चेहरा दिसावा. सांगाड्यावरचा आकडा पुस्तकाशी जुळेना, आणि मालक "आधीच्या मालकाचं असेल" म्हणाला. आम्ही चहा घेऊन निघालो. मित्र घरी पोहोचेपर्यंत गप्प होता.

मग जोडणीची फाइल मागा. ज्याने जीव ओतून गाडी बांधली त्याच्याकडे फोटो असतातच: रिकामा सांगाडा, वेल्डिंगचे सांधे, बॉडी चढण्याआधीच्या नळ्या. बॉडी चढल्यावर जे कधीच दिसणार नाही, ते फक्त त्या फोटोंत दिसतं. फोटो नाहीत, पावत्या नाहीत, नुसती चमक आहे, अशा गाडीला मी हात लावणार नाही.

त्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, आणि हे काम किट गाड्या जाणणाऱ्या मेकॅनिककडून करून घ्या. चुंबक इथे उपयोगाचं नाही, फायबरला ते चिकटत नाही. बघायचं ते असं: वेल्ड सलग आणि एकसारखे आहेत का, सांगाड्याच्या नळ्यांत आतून गंज आहे का, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या ठरावीक अंतरावर क्लिपने धरल्या आहेत की लोंबतात, स्टिअरिंगच्या सांध्यांवर न सुटणारे लॉकनट आहेत का. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेल्या, रंगांचा मेळ नसलेल्या वायरी दिसल्या तर बाकीची गाडीही त्याच मनःस्थितीत जोडली असावी. फायबरवर चाकांजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आहेत का, दारं एका बोटाने लागतात का, हेही पाहा.

शेवटी चालवून बघा, आणि थंड इंजिनापासून. सपाट रस्त्यावर हात सैल सोडला तर गाडी एका बाजूला ओढते का? ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभी ठेवल्यावर तापमानाचा काटा कुठवर जातो? अरुंद तोंडाच्या गाडीत मोठा व्ही-८ थंड ठेवणं हे भल्याभल्यांना जमत नाही. उतरताना पाय जपा. कोब्राचे एक्झॉस्ट दाराखालून बाजूने जातात आणि पोटऱ्या भाजतात. या गाडीच्या मालकांच्या पायांवर तो डाग असतोच.

विमा घेताना मान्य किमतीचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार हे आधीच कागदावर ठरलेलं असतं.

कुणाची अर्धवट राहिलेली गाडी घेऊन पुरी करायचा मोह अनेकांना होतो. दोन्ही वाटांतल्या अडचणी त्यात एकत्र येतात. आधीच्याच्या कामावर भरवसा ठेवावा तर भीती, न ठेवावा तर सगळं सोडवून पुन्हा जोडायचं. बोल्टच्या पिशव्या हरवलेल्या असतात. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेतल्या आणि भारतातल्या वाचकांसाठी

अमेरिकेत बरीच वर्षं नवी, पूर्ण तयार प्रतिकृती कंपनीने विकणं अवघड होतं, कारण तिला आजच्या नव्या गाडीचे सगळे सुरक्षानियम लागू होत. म्हणून तिथे रंगवलेली, वायरिंग केलेली, पण इंजिन नसलेली गाडी विकायची पद्धत रुजली. तिला 'रोलर' म्हणतात. इंजिन दुसऱ्या दुकानातून घ्यायचं आणि बसवून घ्यायचं. ज्याला दार-रंग-वायरिंगचा जाच नको पण इंजिन बसतानाचा आनंद हवा, त्याला ही मधली वाट मला फार चांगली वाटते. २०१५ च्या अखेरीस तिथल्या संसदेने कायदा करून छोट्या उत्पादकांना, किमान २५ वर्षं जुन्या गाडीसारख्या दिसणाऱ्या, वर्षाला ३२५ पर्यंत तयार प्रतिकृती विकायची मुभा दिली. तिचे नियम प्रत्यक्षात यायला २०२१ उजाडलं. इंजिन मात्र धुराच्या आजच्या निकषांत बसणारं हवं. कॅलिफोर्नियात स्वतः बांधलेल्या गाड्यांना धुराच्या नियमात सवलत मिळते, पण दर वर्षी पहिल्या ५०० जणांनाच, तेव्हा जानेवारीतच रांगेत उभं राहावं लागतं.

भारताबद्दल लिहिताना मन जड होतं. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या घाटणीची दोन आसनी रोडस्टर बनवली होती, इसुझूचं १.८ लिटर इंजिन घालून. म्हणजे आपल्या मातीत हे घडलेलं आहे. पण घरच्या गॅरेजात एकच गाडी बांधून ती नोंदवायची, यासाठी ब्रिटनसारखी सोपी वाट आपल्याकडे नाही. गाडी बनवणाऱ्याला नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो, आणि तो खर्च शेकडो-हजारो गाड्या विकणाऱ्यालाच पेलतो. जुनी गाडी घेऊन तिला नवं रूप द्यावं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली हवी. प्रतिकृती त्यात बसत नाही. परदेशातून बांधून आणायचा विचार तर सोडूनच द्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही असे कारागीर आहेत, जे आराखडा समोर ठेवला तर कोब्राचा सांगाडा महिनाभरात उभा करतील. आपल्याकडे हातांची वानवा नाही. आयव्हीएसारखी, एकेका गाडीची काटेकोर पण परवडणारी चाचणी कधीतरी आपल्याकडे यावी, असं मला मनापासून वाटतं. तोवर भारतात राहून ही हौस असेल तर जुनी अस्सल गाडी घेऊन ती मूळ रूपात आणणं हीच सरळ वाट.

लेस्टरच्या स्नेह्यांचं काय झालं

त्यांना मी एका शनिवारी घरी बोलावलं. त्यांच्या हातात नळीचा तुकडा आणि हत्यार दिलं, एक तोंड करून दाखवलं आणि म्हटलं, आता तुम्ही करा. पहिल्या नळीत नट आधी ओवायचा राहिला. तो सगळ्यांचाच राहतो, माझाही राहिला होता. दुसरं तोंड वाकडं झालं. तिसरं सुरेख जमलं. चौथी नळी मी पुढे केली तेव्हा ते हसले आणि खुर्चीत बसले. म्हणाले, "हात चालतायत, पण माझं सगळं लक्ष बाहेर उभ्या असलेल्या तुमच्या गाडीकडे आहे."

मग आम्ही ती काढून वॉरिकच्या बाजूला तासभर फिरवून आणली. परतल्यावर त्यांनी गॅरेजाचा विचार सोडला. आता आयत्या गाड्या बघणं चालू आहे. पहिलीला फाइल नव्हती. दुसरी नॉर्विचजवळची, निळी, पांढऱ्या पट्ट्यांची, रोव्हरच्या ॲल्युमिनियमच्या व्ही-८ ची. बांधणारे गृहस्थ निवृत्त रेल्वे इंजिनिअर, आणि त्यांनी चारशेच्या वर फोटो तारखांसकट लावून ठेवलेत. त्यांतल्या एका फोटोत ब्रेकच्या सांध्यांखाली ओळीने वर्तमानपत्राचे कागद ठेवलेले दिसतात. रविवारी तिला लिफ्टवर चढवून बघायला जायचं आहे.